चोरीने थांबवलेला खोकला

१

पेटी उघडी होती आणि आत ट्रॉम्बोन नव्हता. निळ्या मखमलीवर त्याच्या आकाराचा खळगा तेवढा उरला होता.

पेटीसमोर जमिनीवर धाकटा बसला होता. धाकटा म्हणजे माझा भाऊ. पन्नाशी गाठली तरी मी त्याला ह्याच नावाने हाक मारते आणि तोही बिचारा ओ देतो. नगरपालिकेच्या बँडचा तो प्रमुख आहे. त्याच्या आधी आमचे बाबा प्रमुख होते. लांब सरकती नळी आणि पुढे कर्ण्यासारखं रुंद तोंड असलेलं ते पितळी वाद्य बाबांचंच. बाबा दम्याने गेले तेव्हा ते धाकट्याच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला बाबांचा स्वभाव आला, असं माझी भावजय म्हणते.

"ताई, गेलं गं," तो म्हणाला. "कुणीतरी बाबांचं वाद्य नेलं."

एवढं बोलला आणि त्याला खोकला आला.

ह्या खोकल्याबद्दल आधीच सांगितलेलं बरं. गेली काही वर्षं तो आमच्या घरात पाहुण्यासारखा आला आणि जायचं नाव घेत नव्हता. कोरडा, एकदा सुरू झाला की माणसाला कमरेत वाकवणारा. जोडीला तिन्हीसांजेला हुडहुडी भरून येणारा ताप, जिना चढताना लागणारी धाप, आणि दर काही महिन्यांनी पट्ट्याला पाडावं लागणारं नवं भोक. छातीच्या डॉक्टरांनी दमा म्हटलं आणि तोंडात मारायचा पंप दिला. पोटाच्या डॉक्टरांनी पित्त म्हटलं. घशाच्या डॉक्टरांनी नाकाचं हाड वाकडं असल्याचा शोध लावला. ते जन्मापासून वाकडं आहे, मीच त्याला पाळण्यातून पाडलं होतं. रक्त नॉर्मल, थुंकी नॉर्मल, छातीचा फोटो नॉर्मल. शेवटी एका बड्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि हसून सांगितलं, "तुम्हाला काहीही झालेलं नाही. हे सगळं मनाचं आहे. जरा फिरायला जात जा." त्या दिवशी धाकटा घरी आला तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून तो कुठल्याच डॉक्टरकडे जायला तयार नव्हता. मी अक्षरशः पाठीस लागून त्याला एका नव्या, फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंना नुकतंच दाखवून आणलं होतं. त्या जरा तरी ऐकून घेत होत्या.

आणि आता ही चोरी.

पोलीस आले, खिडक्या बघितल्या, दार बघितलं. कुलूप जसंच्या तसं. कपाटातले दागिने जागच्या जागी. म्हणजे चोराकडे किल्ली होती आणि त्याला फक्त ट्रॉम्बोनच हवा होता. घराच्या किल्ल्या आम्हा घरच्या माणसांकडे होत्या, आणि एक बँडमधल्या लंबूकडे. हवालदाराने वही मिटली आणि माझ्याकडे असं बघितलं की माझाच संताप झाला.

२

माझं चष्म्याचं दुकान आहे. चोरीला काही आठवडे उलटून गेल्यावर एका सकाळी भिंगकाकू फ्रेमचा स्क्रू घट्ट करून घ्यायला आल्या.

त्यांना भिंगकाकू म्हणतात ते त्यांच्या जाड काचांमुळे, आणि स्वभावामुळेही. हयातभर त्यांनी विमा कंपनीत खोटे दावे पकडले. स्वतःचं गोदाम स्वतः जाळणाऱ्यांपासून ते मेल्यावर सिनेमाला जाणाऱ्यांपर्यंत सगळे त्यांनी पाहिलेत. आता निवृत्त आहेत आणि रिकामपणाने त्यांचा जीव मेटाकुटीला आला आहे. मी चोरीचं सांगायला सुरुवात केली आणि त्या बिनचष्म्याच्याच माझ्याकडे रोखून बघू लागल्या. त्यांना तेव्हा मी दिसत नसणार, पण बघण्यात जोर होता.

"आधी मला त्या लंबूकडे ने," त्या म्हणाल्या.

लंबू बँडमधला दुसरा ट्रॉम्बोनवाला. उंच, हडकुळा, आणि धाकट्याच्या मागे बसून बसून त्याचे केस पिकले. बँडच्या सरावाच्या हॉलमध्ये तो आपला ट्रॉम्बोन चिंधीने घासत बसला होता. वर वाशांवर कबुतरं घुमत होती.

"मास्तरांचं वाद्य मी कशाला नेऊ?" तो भडकला. "मला त्यांची खुर्ची हवी, हे मी चारचौघांत बोललोय. चोरायचं असतं तर बोललो असतो का? आणि ते वाद्य लपवता येतं का? सगळं गाव ओळखतं त्याला."

"मास्तर सध्या हॉलमध्ये येतात?" काकूंनी विचारलं.

"रोज येतात. वाजवत नाहीत, पण ओरडतात. हल्ली आवाज चांगला मोठा लागतो त्यांचा."

मग माझी भाची, धाकट्याची एकुलती एक मुलगी. कॉलेजात जाते आणि सकाळी बापाच्याच ट्रॉम्बोनवर शिकायची. ती काकूंसमोर ओठ चावत बसली. "आत्या, मला ते वाद्य आवडायचं, मी कशाला नेऊ?" एवढंच ती म्हणाली. खरं तर प्रश्न काकूंनी विचारला होता, उत्तर तिने मला दिलं.

भावजय मात्र भडाभडा बोलली. चोर किती निर्दयी, पोलीस किती आळशी, कुलूप किती साधं. बोलता बोलता तिने काकूंना तीनदा चहा विचारला.

आम्ही जिना उतरत होतो तेव्हा धाकटा खालून वर येत होता. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. तो न थांबता वर आला, आमच्याशी दोन शब्द बोलला आणि तसाच आत गेला.

"बघा," मी काकूंना म्हटलं, "डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनी गुण आला. वाद्य गेल्याचं दुःख आहे, पण खोकला पळाला."

काकूंनी मान डोलावली. त्यांचं लक्ष चोरीत होतं. कठड्याला धरून त्या पायरीवर थांबल्या आणि एकदम हसल्या.

"उद्या सकाळी सगळ्यांना घरी बोलाव," त्या म्हणाल्या. "तुमचा ट्रॉम्बोन घराबाहेर गेलेलाच नाही."

३

दुसऱ्या दिवशी सगळे बैठकीच्या खोलीत जमले. लंबूही आला, हाताची घडी घालून दाराशी उभा राहिला.

"चोर पेटी मागे ठेवून गेला," काकूंनी सुरुवात केली. "माणसाएवढं लांब पितळी वाद्य, सगळं गाव ओळखतं ते. ते कुणी उघडंवाघडं खांद्यावर टाकून रस्त्याने नेईल? पेटी असताना? नेणारच नसेल तर पेटीची गरज नाही. म्हणजे ते इथेच आहे."

"आम्ही घर पालथं घातलं," धाकटा म्हणाला. "एवढी लांब वस्तू..."

"तुम्ही लांब वस्तू शोधलीत. पण तुझा ट्रॉम्बोन सुटा होतो ना रे? नळी वेगळी, तोंड वेगळं?" काकू उठल्या. ज्या गुंडाळलेल्या गादीवर त्या इतका वेळ टेकून बसल्या होत्या, तिची दोरी त्यांनी सोडली. गादी उलगडली आणि मधून ती सरकती नळी टणकन फरशीवर पडली. "काल चहा पिताना हिने मला इथून खुर्चीवर बसवायचा फार प्रयत्न केला. आणि बोलता बोलता तिची नजर सारखी माळ्याकडे जात होती; तोंडाचा भाग तिथल्या मोठ्या पातेल्यात असावा. जरा बघ गं पोरी."

'पोरी' म्हणजे मी. वय सत्तावन्न. मी स्टुलावर चढले, पातेल्याचं झाकण काढलं आणि डोक्याला हात लावला. पितळी तोंड आत पालथं पडलेलं होतं.

सगळ्यांनी भावजयीकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला.

"घशाचे डॉक्टर मला म्हणाले होते, ह्यांच्या छातीला ताण नको, फुंकणं बंद करा. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मग जगून काय करू? मी काय करायला हवं होतं? रोज संध्याकाळी माणूस माझ्यासमोर थरथरतोय, आणि जो तो सांगतोय काही झालं नाही!"

मग धाकटा उठला. मला वाटलं आता हा हिला बोलणार. पण त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग नळी उचलली, तोंड उचललं, दोन्ही जोडलं, आणि लहान मुलाला कडेवर घ्यावं तसं ते वाद्य उराशी धरलं.

"आता मी बरा आहे गं," तो तिला म्हणाला. "बघ, बराच आहे."

आणि तो वाजवू लागला. त्या सकाळी त्याने जेवणापर्यंत वाजवलं, जेवणानंतर पुन्हा वाजवलं. एक सूर धरला की तो सोडायचाच नाही. लंबूने हाताची घडी सोडली आणि डोळे पुसले. काकू समाधानाने मान हलवत बसल्या होत्या. मीही रडले, मला काय जातंय.

उन्हं कलली तेव्हा त्याने वाद्य खाली ठेवलं. "थंडी वाजतेय का गं इथे?" त्याने विचारलं. खोलीत उकडत होतं.

४

दिवेलागणीला त्याचे ओठ निळे पडले होते.

आम्ही त्याला गाडीत घातलं तेव्हा त्याचे दात एकमेकांवर आपटत होते आणि त्याला एक वाक्य पुरं करता येत नव्हतं. इस्पितळात डॉक्टरीणबाई धावत आल्या. तोंडावर मास्क चढवला, बोटाला चिमटा लावला. चिमट्याच्या यंत्रावरचा आकडा बघून तिथल्या नर्सने दुसरा चिमटा आणला. तो आकडाही तसाच होता.

"दोन्ही फुप्फुसं भरल्यासारखी दिसताहेत," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "मी असं एका दिवसात झालेलं क्वचित पाहिलंय. नक्की कशाने झालं ते कळलं नाही, तर मी फक्त वरवरचे उपाय करत राहीन. औषधाने आज सावरेल. पण असा आणखी एखादा झटका ही छाती सोसणार नाही."

काल भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढणारा माणूस! कालपर्यंत बरा होता. आज सकाळपर्यंत बरा होता. मधे काय घडलं? जेवण. जेवण कुणी वाढलं?

मी वळले. भावजय बाकावर बसली होती.

"तू त्याला काय घातलंस?" मी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही.

"वाद्य लपवलंस, आठवडेच्या आठवडे आमच्या तोंडावर खोटं बोललीस. आणखी काय काय करतेस तू? त्याला रोज वाढते कोण? औषध देते कोण?"

ती उभी राहिली. भाचीने तिला धरलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या मुलीने माझ्याकडे असं ह्याआधी कधी बघितलं नव्हतं. मी मागे हटले नाही. मला त्या क्षणी खरोखरच वाटत होतं की माझ्या भावाला त्याच्या बायकोने विष घातलं.

"थांब," मागून कुणीतरी म्हणालं.

भिंगकाकू आल्या होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि फ्रेम नाकावर तिरपी झाली होती.

"तिला बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "चोरी सापडली म्हणून मी सकाळी खूष होऊन बसले, आणि समोर काय चाललंय ते बघितलंच नाही. ज्या दिवशी वाद्य गेलं त्या दिवसापासून हा बरा होत गेला. ज्या दिवशी मी ते परत दिलं त्याच दिवशी हा इथे आला. अगं, मीच दिलं त्याच्या हातात!"

५

काकूंनी आम्हाला त्या बाकावर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. डॉक्टरीणबाईही उभ्या राहिल्या. जायला निघाल्या होत्या, पण थांबल्या.

"त्या गोळ्या," काकूंनी त्यांना विचारलं, "तुम्ही दिलेल्या. त्यांनी हा बरा झाला असेल?"

"नाही. त्या ॲलर्जीच्या साध्या गोळ्या होत्या. एवढा फरक पाहून मलाच नवल वाटलं होतं."

"आणि आजही ह्यांनी ती घेतली होती," भावजय म्हणाली. "मी स्वतः दिली." बोलून तिने भीत भीत माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता नीट आठव," काकू तिला म्हणाल्या. "चोरीच्या आधी, ह्या सगळ्या वर्षांत, तो मधेच कधी बरा होता?"

"दाढ काढली तेव्हा," भावजय हळूच म्हणाली. "जबडा सुजला होता. बरेच दिवस ओठ लावता आला नाही. मी सगळं कुस्करून चमच्याने भरवायची. तेव्हा खोकला नव्हता. आम्हाला वाटलं, दाढेतलाच काही दोष होता, तो गेला."

काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? जेव्हा घासन् घास हिच्या हातचा होता, तेव्हा तो बरा होता. विष घालायला ह्याहून सोपे दिवस मिळाले नसते."

मी उठून भावजयीच्या शेजारी जाऊन बसले. तिने जागा दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"हॉलमधली कबुतरं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला त्यांचा संशय होता. कबुतरांच्या विष्ठेने असा आजार होतो."

"दाढेच्या वेळीही हे रोज हॉलमध्ये जात होते," भावजय म्हणाली.

"आणि चोरीनंतरही. ओरडायला," काकू म्हणाल्या. "कबुतरं तीच, जेवण तेच, घर तेच. फक्त एक गोष्ट नव्हती."

"म्हणजे फुंकण्याचा ताणच ना?" भावजय म्हणाली. "मी म्हणत होते."

"ताणाने ताप येत नाही," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. त्या आता दुसराच काही विचार करत होत्या. "ताणाने धाप तिथल्या तिथे लागेल. ह्यांना थंडी वाजून ताप येतो, तोही वाजवल्यानंतर काही तासांनी. शरीर कशाशी तरी झुंजतंय. आणि आधीच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल का आल्या?"

"तपासणीला जायचं म्हणजे आधी चार दिवस चांगला आराम करून जायचं," भावजय म्हणाली. "मी ह्यांना वाद्याला हातच लावू देत नव्हते."

डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. "म्हणजे प्रत्येक वेळी बरा झालेला माणूस डॉक्टरांसमोर बसत होता."

मला त्या बड्या डॉक्टरांचं हसणं आठवलं आणि अंगाची आग झाली.

लंबू कोपऱ्यात अवघडून उभा होता. काकूंनी त्यालाच बोलावलं. "तूही तेच वाजवतोस, तेवढंच वाजवतोस. तुला खोकला का नाही?"

"मला काय माहीत?"

"वाद्य धुता तुम्ही?"

"बाहेरून रोज घासतो. आतून?" लंबूला प्रश्नच विचित्र वाटला. "आतून पाणी लावत नाहीत. ह्यांच्या बाबांनी घातलेला नियम आहे बँडमध्ये. वाद्य आतून मुरावं लागतं, धुतलं की आवाज कोरा होतो. माझंही कधी धुतलेलं नाही."

काकूंचा चेहरा पडला. दोघांची वाद्यं सारखीच घाण, आणि आजारी एकच. धागा हातात येता येता तुटला होता.

"एक सूर धर," त्या शेवटी म्हणाल्या. "वाद्य नको, नुसतं करून दाखव. मास्तरांसारखा लांब."

लंबूने हातात नसलेला ट्रॉम्बोन ओठांशी धरला, गाल ताणले, हात पुढे सरकवला. थोड्या वेळाने त्याने ओठ बाजूला केले, श्वास घेतला आणि पुन्हा लावले.

"मास्तर असे ओठ काढत नाहीत," काकू म्हणाल्या. "सकाळी बघत होते मी. सूर थांबतच नव्हता."

"ते वेगळं हो. तो उलटा श्वास." लंबूच्या आवाजात जुना रुसवा होता. "ओठ नळीवरच ठेवायचे आणि नळीतूनच हवा आत ओढायची, छाती भरून. ऐकणाऱ्याला कळतही नाही कधी घेतली ते. ह्यांचे बाबा तसं वाजवायचे, मास्तर वाजवतात. मी किती वेळा मागितलं, पण घराबाहेर कुणाला शिकवला नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाकाची कड धरली.

"न धुतलेल्या नळीतून," त्या म्हणाल्या. "छाती भरून."

६

ट्रॉम्बोन आम्ही माझ्या दुकानातच उघडला, कारण तिथे प्रकाश चांगला आहे आणि भिंगं आहेत. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घातले, आम्हा सगळ्यांना मास्क लावायला लावले आणि एका लांब तारेला कापसाचा बोळा बांधून तो नळीत घातला. बाहेरून नळी इतकी लखलखीत होती की तिच्यात माझा चेहरा दिसत होता.

बोळा दुसऱ्या टोकाने बाहेर आला तेव्हा भावजय किंचाळली.

काळपट हिरवा, बुळबुळीत लगदा होता. मी भिंगाखाली पाहिलं आणि लगेच डोळा बाजूला केला. त्यावर केसांसारखी लव उगवली होती. बाबांच्या आणि धाकट्याच्या थुंकीवर वर्षानुवर्षं पोसलेली ती बाग होती. आणि माझा भाऊ रोज तिच्यातून खोल श्वास घेत होता.

डॉक्टरीणबाईंनी ते डबीत भरून प्रयोगशाळेत पाठवलं. धाकट्याच्या फुप्फुसात दुर्बीण घालून तिथलंही पाणी घेतलं, रक्तही घेतलं. काही दिवसांनी दोन्हीकडची उत्तरं आली. नळीत बुरशी होती, आणि त्याच बुरशीविरुद्ध धाकट्याचं रक्त जीव तोडून लढत होतं.

त्या त्याच्या खाटेशी बसून समजावून सांगत होत्या. आम्ही सगळे भोवती होतो. धाकट्याला मास्कमधून बोलता येऊ लागलं होतं.

"फुप्फुसाला एखाद्या गोष्टीचं वावडं होतं आणि ते सुजतं. प्रत्येक वेळी तीच गोष्ट आत गेली की पुन्हा सुजतं. असंच चालू राहिलं असतं तर शेवटी फुप्फुसं चामड्यासारखी झाली असती. आता औषध आहे, आणि मुख्य म्हणजे ती नळी नाही. सगळं नाही, पण बरंचसं भरून येईल."

"म्हणजे आहे," धाकटा म्हणाला. "मला खरंच काहीतरी आहे."

"आहे. पहिल्या दिवसापासून होतं."

तो हसायला लागला, आणि हसता हसता हुंदके देऊ लागला. आजार सापडला म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. भावजयीने त्याचं डोकं पोटाशी धरलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

मग तो एकदम थांबला. "ताई," तो म्हणाला, "बाबा."

मला तोपर्यंत ते सुचलंच नव्हतं. तोच खोकला. तीच तिन्हीसांजेची थंडी. अंथरुणावर उठून बसलेले बाबा, आणि शेवटच्या दिवसांत बरं वाटावं म्हणून आम्हीच त्यांच्या हातात दिलेला ट्रॉम्बोन.

"त्यांचं मला आता सांगता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण तो दमा होता, असं मला वाटत नाही."

मी खाली बसले. नियमही बाबांचाच, श्वासही बाबांचाच. दोन्ही त्यांनी मोठ्या अभिमानाने मुलाला दिले होते.

काकू मात्र धाकट्याकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. तिथे माझी भाची उभी होती, भिंतीला पाठ लावून, बर्फासारखी पांढरी.

"पोरी," काकू म्हणाल्या, आणि ह्या वेळी त्या मला म्हणत नव्हत्या, "तू उलटा श्वास शिकलीस का गं?"

भाचीने मान डोलावली. "पप्पांनी शिकवला. गेल्या वर्षी."

धाकटा उशीवरून उठून बसला. यंत्र टिवटिव करू लागलं, नर्स आत आली, पण त्याने तिला हाताने थांबवलं.

"तुला ताप येतो? संध्याकाळी, वाजवलेल्या दिवशी?"

ती पाठीमागची भिंत नखाने खरवडू लागली.

"बोल ना राणी."

"यायचा," ती म्हणाली. "कधी कधी. धापही लागायची. म्हणून तर पोहायला जायचं सोडलं."

"अभ्यास आहे म्हणून सोडलं म्हणालीस ना तू?" भावजय ओरडली. "मला का नाही सांगितलंस? एका शब्दाने का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार होते, आई?" तिचा आवाज चिरकला. "पप्पांना एवढ्या डॉक्टरांकडे नेलं आणि शेवटी काय सांगितलं ते मी ऐकलं होतं. मलाही तेच सांगितलं असतं. मला वाटलं, आपल्या घराण्यातच वेड आहे. पप्पांना आहे, तसंच मलाही लागलंय. मग कुणाला कळू न दिलेलंच बरं."

एवढीशी पोर एकटीने थरथरत बसत होती, आणि आम्ही सगळे शेजारच्या खोलीत तिच्या बापाची थर्मामीटरं झटकत होतो.

धाकट्याने तोंडावरचा मास्क काढून बाजूला ठेवला आणि डॉक्टरीणबाईंचा हात धरला.

"माझं राहू द्या," तो म्हणाला. "आधी हिला तपासा. आणि ती सांगेल ते सगळं खरं धरून तपासा."

डॉक्टरीणबाईंनी तो मास्क त्याच्या तोंडावर परत चढवला. मग खुर्ची ओढून त्या भाचीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग."